हॅचरीतली सगळी पिल्लं माद्याच निघतायत का? आणि हे हार्मोनचं नेमकं काय आहे

किनारा_दापोली
नमस्कार मंडळी. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची हॅचरी आहे आणि मी सीझनला कासवमित्र म्हणून काम करतो, म्हणजे पहाटे किनारा चालायचा, घरटं सापडलं की अंडी उचलून हॅचरीत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची, तारीख लिहायची, मग पिल्लं वर आली की समुद्रात सोडायची. यंदा मार्च एंडला ऊन असं काही पडलं की वाळूवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. तेव्हा पुण्याहून एक ग्रुप आला होता, त्यातल्या एका मुलीने विचारलं की दादा वाळू एवढी तापली तर ही सगळी पिल्लं मादीच होणार ना? मला एवढं माहीत होतं की गरमीने माद्या होतात, पण का होतात ते सांगता येईना. ती म्हणाली हा हार्मोनचा खेळ आहे, आणि प्लास्टिक आणि औषधफवारणीने माणसाच्या हार्मोनचंही असंच काहीतरी होतं.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये कारण घरी आईला थायरॉईडची गोळी चालू आहे, बहिणीला पीसीओडी सांगितलंय, आणि वाडीत दर दोन घरांआड हेच ऐकू येतं. पूर्वी आजीच्या तोंडी हे शब्द पण नव्हते. तर माझे प्रश्न असे की एक, उन्हाने पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं म्हणजे आत नक्की काय होतं आणि हॅचरीत आम्ही काय करू शकतो, आणि दुसरा, कासवाचं आणि माणसाचं हे खरंच एकच प्रकरण आहे की उगाच जोडलेलं आहे? कोणी अभ्यास केलेला असेल तर नीट समजावून सांगा, लिंक टाकून पळू नका प्लीज.

शंखशिंपला_रत्नागिरी
मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माणसात बाळ मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच क्रोमोझोमवर ठरतं. समुद्री कासवात तसले क्रोमोझोमच नाहीत, अंड्यातल्या पिल्लाची जननग्रंथी सुरुवातीला दोन्हीकडे जाऊ शकते अशीच असते. अंडी साधारण ४५ ते ६० दिवस वाळूत असतात त्यातला मधला एक तृतीयांश काळ महत्त्वाचा. त्या काळात वाळू तापलेली असली की ग्रंथीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम जोरात बनायला लागतं, हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या नराच्या हार्मोनचं इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन करतं, आणि इस्ट्रोजेन वाढलं की अंडाशय तयार होतं. वाळू गार असली तर अरोमाटेज कमी, मग वृषण. दोन्ही अर्धे अर्धे होतील असं तापमान रिडलेमधे २९ ते ३१ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे ऊन थेट काही ठरवत नाही, ऊन हार्मोनला हलवतं आणि हार्मोन ठरवतो. त्या मुलीने बरोबर सांगितलं तुला.

आता तुझ्या हॅचरीतली सगळी माद्याच का, तर ते पिल्लाकडे बघून कोणालाही सांगता येणार नाही. बाहेरून नर मादी सारखेच दिसतात, मोठं होईपर्यंत फरक कळत नाही, त्यामुळे कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. पण काळजी खोटी नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मधे आला, तिथल्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांमधे ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, आणि मोठ्या झालेल्यांमधे त्याच भागात साधारण ८७ टक्के. म्हणजे हे प्रमाण पिढीगणिक सरकत गेलंय. गंमत बघ, हे त्यांनी शोधलं ते रक्तातल्या हार्मोनवरून.

एक नर अनेक माद्यांना पुरतो त्यामुळे थोड्या जास्त माद्या झाल्या म्हणून उद्या कासवं संपत नाहीत. खरी भीती वेगळी आहे, वाळू ३४-३५ च्या वर बरेच दिवस राहिली तर अंड्यातच पिल्लं मरायला लागतात.

आणि तुझा दुसरा प्रश्न. १९९४ मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला, रेड इअर्ड स्लायडर म्हणजे ती दुकानात मिळणारी लाल कानाची गोड्या पाण्यातली कासवं, त्यांची अंडी मुद्दाम नर होतील अशा गार तापमानाला ठेवली आणि कवचावर पीसीबी गटातली काही रसायनं लावली. पीसीबी म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते. तापमान नराचं असूनही माद्या झाल्या! म्हणजे जे काम ऊन करतं तेच काम एका रसायनाने केलं, कारण शरीराला ते इस्ट्रोजेनच वाटलं. तेव्हा उगाच जोडलेलं नाहीये, दरवाजा तोच आहे, आत शिरणारे वेगवेगळे.

तांडेल_हर्णै
ताई तुम्ही लिहिलंत ते वाचलं, बरंचसं समजलं. मी मच्छीमार आहे, आमच्या बोटी पावसाळ्यात वर ओढल्या की बुडाला रंग मारायचा, नाहीतर शिंपलं आणि शेवाळ धरतं आणि डिझेल दुप्पट जातं. पूर्वी जो रंग मिळायचा तो मारला की वर्षभर काही म्हणून चिकटायचं नाही, रंग मारताना हाताची आग व्हायची, डोळे झोंबायचे. नंतर सांगितलं की तो रंग बंद झाला, शंखांना त्याने काहीतरी होतं. ते पण हार्मोनचंच का? आणि दुसरं म्हणजे आमच्या खाडीत वरच्या अंगाला कारखाने झाल्यापासून बोयटं, पालू, कालवं सगळंच आटलंय, पाण्याला कधी कधी असा वास येतो की जाळं हातात धरवत नाही. ते पण याच्यामुळे म्हणायचं का?

शंखशिंपला_रत्नागिरी
काका, तुम्ही अगदी मुळावरच बोट ठेवलंत, मी शंखांमुळेच या विषयात आले.

त्या रंगात ट्रायब्युटिल टिन असायचं, टीबीटी म्हणतात. १९७० च्या सुमाराला इंग्लंडमधे प्लिमथच्या किनाऱ्यावर डॉगव्हेल्क नावाच्या शंखांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं दिसलं, आधी कोणालाच कारण कळेना, मग लक्षात आलं की जिथे बोटी जास्त तिथे हे जास्त. या प्रकाराला इम्पोसेक्स म्हणतात. मादीच्या अंगात नराची नळी वाढत जाते, ती अंडी बाहेर पडायची वाट दाबून टाकते, आतली अंडी आतच राहतात आणि मादी मरते. बंदरंच्या बंदरं शंखांवाचून रिकामी झाली. आणि आपल्याकडे नाही झालं असं नाही हां, गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मधे क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात इम्पोसेक्स नोंदवलंय. कोकणाच्याच नावाचा शंख.

प्रमाण किती म्हणाल तर लिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या आसपास सुद्धा पुरतं, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम. लोकांना हेच पटत नाही, म्हणतात एवढ्याशाने काय होतंय. पण पातेलंभर दूध चमचाभर विरजणाने लागतं ना, हार्मोनचं कामच तसं आहे, शरीर मुळात त्याच्या एवढ्याशा प्रमाणावरच चालतं, त्यामुळे त्याची नक्कल करणारी गोष्टही एवढीशीच लागते. शंखात टीबीटी पेशीतल्या आरएक्सआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि तिथून हा सगळा घोळ सुरू होतो.

फ्रान्सने १९८२ मधेच लहान बोटींना हा रंग बंद केला कारण त्यांची कालवांची शेती बसायला आली होती. जगभरासाठीचा करार २००१ मधे झाला आणि २००८ पासून लागू झाला. बऱ्याच ठिकाणी शंख परत आलेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण बंद केल्याने फरक पडतो. फक्त बंदरातल्या जुन्या गाळात टीबीटी बरीच वर्षं बसून राहतं, गाळ उपसला की परत वर येतं.

तुमच्या खाडीचं मात्र मी एका झटक्यात हार्मोन म्हणणार नाही. मासे कमी व्हायला ट्रॉलर आहेत, एलईडी लावून होणारी मासेमारी आहे, खाडी गाळाने भरतेय, आणि वास मारणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपला तर मासे त्याच रात्री मरतात, त्याला हार्मोनची गरज नाही. हार्मोनचा परिणाम असा डोळ्यांना दिसतच नाही. कॅनडात एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे मुद्दाम गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन टाकून बघितलं, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढंच. एकही मासा तरंगला नाही, पाणी स्वच्छच. पण नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रोटीन तयार व्हायला लागलं, जे फक्त मादीत असतं, आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ संपला. इस्ट्रोजेन टाकणं थांबवल्यावर काही वर्षांनी परत आला. खाडीत मेलेला मासा दिसला की पंचनामा होतो, पण जन्मालाच न आलेल्या माशाचा पंचनामा कोण करणार? म्हणून म्हणते काका, नुसतं मासे मेले का एवढंच बघून चालत नाही.

हापूस_बागायतदार
मी बागायतदार आहे, फवारणीवर कोणीतरी बोलणारच म्हणून मीच बोलतो. मोहोर आला की तुडतुडा, मग भुरी, आता गेली काही वर्षं फुलकिडे, हवामान असं झालंय की मोहोर तीन तीनदा येतो आणि प्रत्येक मोहोराला फवारणी. नाही मारलं तर हातात काही येत नाही, बँकेचं कर्ज डोक्यावर, त्यामुळे शेतकऱ्याला व्हिलन करू नका एवढी विनंती. पण मला स्वतःला जे खुपतं ते सांगतो. फवारणी करतात ती पोरं, बहुतेक नेपाळी, उघड्या हाताने डबा ढवळतात, तोंडाला फक्त रुमाल, वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहून मारतात आणि दुपारी तिथेच कलमाखाली बसून त्याच हाताने भाकरी खातात. मी मास्क आणि हातमोजे आणून दिले तर उकडतं म्हणून काढून ठेवतात, आणि खरंच उकडतं.

कल्टारचं पण विचारायचं आहे. ते झाडाच्या हार्मोनवरच काम करतं ना? आम्ही पावसात आळं करून देतो, पालवी थांबते आणि मोहोर लवकर येतो. विद्यापीठ सांगतं झाडाच्या विस्ताराप्रमाणे मोजून द्या, लोक अंदाजपंचे ओततात. त्याने माणसाला काही?

शंखशिंपला_रत्नागिरी
हो दादा, कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, ते झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन बनू देत नाही, म्हणून वाढ खुंटते आणि झाड मोहोराकडे वळतं. मातीत ते बराच काळ टिकतं, त्यामुळे जास्त ओतण्यात पैसा पण जातो आणि कलम पण बसतं. भुरीवरची हेक्झाकोनॅझोलसारखी औषधंही त्याच ट्रायझोल गटातली. ही सगळी ज्या एन्झाइमवर घाव घालतात ते एक मोठं कुटुंब आहे, सायटोक्रोम पी-४५०, आणि वर लिहिलेलं अरोमाटेज त्याच कुटुंबातलं. म्हणून या गटातली बरीच औषधं प्रयोगशाळेत अरोमाटेजलाही अडवताना दिसतात. आंबा धुऊन खाणाऱ्याला याने लगेच काही होईल असं मी म्हणत नाही, पण डबा ढवळणाऱ्या पोराच्या कातडीतून जे जातं ते खाणाऱ्याच्या कितीतरी पट जास्त, तुम्हाला खुपतंय ते बरोबरच खुपतंय. कासरगोडचं माहीत असेलच, केरळातल्या काजूच्या बागांवर २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारायचे. अहमदाबादच्या एनआयओएच या सरकारी संस्थेने तिथल्या मुलांची तपासणी केली, २००३ मधे छापून आलं की त्या गावातल्या मुलग्यांना वयात यायला इतरांपेक्षा उशीर लागत होता. २०११ मधे सुप्रीम कोर्टाने एंडोसल्फान बंद केलं. काजू आपल्याकडे पण आहेत, म्हणून हे लक्षात ठेवावं.

डॉ_खाडीपट्टा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, थायरॉईड आणि पीसीओडीचं मी लिहिते.

आधी हे स्पष्ट करते की किनारा, तुझ्या आईला किंवा बहिणीला अमुक रसायनाने झालं असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. थायरॉईड कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, शिवाय आता टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी तालुक्याला सहज होते त्यामुळे जे आजीच्या वेळी कळतच नव्हतं ते आता कळतं. आजी दमायची, केस जायचे, घरातले म्हणायचे वय झालं. पीसीओडीत घराण्याचा भाग असतो, वजन, झोप, बसून राहणं हे पण असतं. गोळी चालू आहे ती बंद करू नका, हे वाचून कोणी बंद करेल याची मला खरंच भीती वाटते.

पण म्हणून रसायनांचा संबंध नाही असंही नाही, आणि मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गरोदर बायकांची. पहिले साधारण तीन महिने बाळाला स्वतःचा थायरॉईड नसतो, त्याचा मेंदू आईच्या थायरॉईडवर वाढतो. कासवाच्या अंड्याचा तो मधला काळ जसा, तसाच हा. याच काळात झालेला बदल नंतर दुरुस्त होत नाही, आणि दिसतो कधी कधी वीस वर्षांनी. अमेरिकेत डीईएस नावाचं बनावट इस्ट्रोजेन गर्भपात होऊ नये म्हणून बायकांना वर्षानुवर्षं दिलं गेलं, आयांना काही झालेलं दिसलं नाही, १९७१ मधे लक्षात आलं की त्यांच्या तरण्या मुलींना योनीमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कॅन्सर होतोय. औषध आईला दिलं, भोगलं पोटातल्या मुलीने.

आता आपल्या घरातलं. पार्सल चहा. उकळता चहा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ, दवाखान्याच्या बाहेर रोज बघते, माझ्याच वॉर्डमधे बाळंतिणीला तसा चहा आणतात. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमधे घातला की त्यातली रसायनं जास्त सुटतात. लग्नातले ते २० लिटरचे कडक जार, पॉलिकार्बोनेटचे असले तर त्यात बीपीए नावाचं रसायन असतं, आणि टेम्पोवर दिवसभर उन्हात तापतात. बीपीए हे इस्ट्रोजेनसारखं वागतं. भारतात बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते २०१५ पासून चालत नाही, आणि २०२३ मधे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोज किती चालेल ती मर्यादा २०,००० पटीने खाली आणली. बीपीए फ्री लिहिलेलं असलं तरी त्याच्या जागी बऱ्याचदा बीपीएस हे त्याचंच भावंड घातलेलं असतं, त्याचं वागणं फार वेगळं नाही, त्यामुळे स्टीलचा डबा आणि तांब्या-पितळेची कळशी हेच बरं.

आणि बंब! पाणी तापवायला बंबात काय काय जातं ते आपल्याला सगळ्यांना माहितीये. जुना पाइप, वायर, फाटकं रेक्झिन, पावसाळी चप्पल, हे पीव्हीसी असतं, जळलं की डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन होतं, आणि डायॉक्सिन थायरॉईड आणि बाकीच्या हार्मोनमधे लुडबुड करणाऱ्यातलं नंबर एकचं. धुरातून जातं, राखेतून जातं. ती राख आपण परसात टाकतो, गावठी कोंबड्या ती उकरतात आणि चरबीत विरघळत असल्यामुळे ते अंड्यात उतरतं. गावठी अंडं म्हणून आपण ते मुद्दाम गरोदर सुनेला देतो हो.

वेंगुर्ल्याची_सून
ह्यां वाचून माका घाम फुटलो. आमच्या वाडीत सगळ्यांचे बंब असेच पेटतत, नारळाची सोडणां आणि चुडतां असतंत पण पावसात ती भिजतत, मगे प्लास्टिक लावल्याबिगर पेटणाच नाय. आणि आमची कोंबडी दिसभर त्या राखेच्या खड्ड्यातच असतत. डॉक्टरांनू, बचत गटाच्या मिटिंगेत मी ह्यो विषय काढतलंय. फक्त एक विचारूचा आसा, दुधाची पिशवी पण तसलीच काय? ती तर सगळीच लावतत पेटवूक.

डॉ_खाडीपट्टा
ताई, दुधाची पिशवी पॉलिथीनची, त्यात पीव्हीसीसारखं क्लोरीन नसतं आणि डायॉक्सिन व्हायला क्लोरीन लागतं, त्यामुळे ती पीव्हीसीइतकी वाईट नाही, पण धूर तिचाही छातीला वाईटच. धुऊन भंगारवाल्याला द्या. मिटिंगमधे बायकांना एवढंच सांगा की वायर, पाइप, चप्पल, रेक्झिन बंबात अजिबात नको, आणि पावसाआधी सोडणं पडवीत रचून ठेवा. आणि बंबाची राख कोंबड्यांना उकरता येणार नाही अशी पुरा.

किनारा_दापोली
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बहिणीला डॉक्टरांचं वाचायला दिलं. शंखशिंपला मॅडम, एक शेवटचं विचारतो, हॅचरीवर हिरवी नेट घालायची असं गावात चाललंय, पण काही जण म्हणतात की निसर्गात ढवळाढवळ नको. आणि वाळूचं तापमान मोजायचं तर साधा थर्मामीटर खुपसून चालेल का?

शंखशिंपला_रत्नागिरी
अंडी उचलून हॅचरीत आणली तिथेच ढवळाढवळ झालेली आहे, आणि ऊन वाढलंय ते पण माणसामुळेच, त्यामुळे त्या मुद्द्यावर अडू नका. नेटने वाळू गार होते हे बऱ्याच देशांत बघितलेलं आहे. पण सगळ्या घरट्यांवर सरसकट घालू नका, नाहीतर उलट सगळेच नर. अर्धी हॅचरी सावलीत अर्धी उघडी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या घरट्यांना बहुतेक गरजच नाही, फेब्रुवारीनंतरची बघा.

थर्मामीटर वरून खुपसून वरच्या वाळूचंच तापमान कळेल, ते दुपारी भयंकर दिसतं पण अंड्यांना ते लागत नाही. छोटा डेटा लॉगर मिळतो, बटणाएवढा, अंडी ठेवतानाच मधोमध ठेवायचा, तासाला एक नोंद, पिल्लं निघाली की काढून कॉम्प्युटरला लावायचा. एक लॉगर घरट्याशेजारी तेवढ्याच खोलीवर रिकाम्या वाळूत पण पुरा, कारण शेवटी शेवटी पिल्लांच्या स्वतःच्या उबेने घरटं एक-दोन अंश चढतं, ते वेगळं काढता आलं पाहिजे. मधल्या तृतीयांशातल्या नोंदी वेगळ्या करून ठेवा. रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एक मधे आहे त्यामुळे लॉगर घालायला सुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते, अर्ज पावसाळ्यातच करा म्हणजे नोव्हेंबरात पहिलं घरटं मिळेपर्यंत हातात असेल. अर्जाचा मसुदा मी लिहून देते, मेसेज कर.